क्वामे एन्क्रुमा आणि व्होल्टा नदीचें धरण

आफ्रिका खंडाच्या नकाशावर पश्चिम किनाऱ्यानें बोट फिरवीत गेलें म्हणजे गिनीच्या आखाताला लागून घाना नांवाचा देश लागतो. या देशाच्या पूर्व भागांत फांद्या फुटल्यासारखा एक निळा, लांबट डाग दिसतो. तें व्होल्टा सरोवर होय. तें निसर्गानें केलेलें नसून, व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथें धरण बांधल्यामुळें झालेलें आहे. त्याची लांबी सुमारें ४०० किलोमीटर असून, मनुष्यनिर्मित सरोवरांमध्यें विस्ताराच्या दृष्टीनें तें अगदीं पहिल्या प्रतीचें गणलें जातें. या धरणासाठीं ज्यांनीं आपलें सारें वजन खर्च केलें, त्या क्वामे एन्क्रुमा यांचें चरित्र आज सांगावयाचें आहे. दुसऱ्याच्या मदतीवांचून कोणाचेंहि पाऊल पुढें पडत नाहीं. परंतु ती मदत कशी घ्यावी, आणि घेतल्यावर आपण कोणाचे बांधलेले राहतों, हें समजून घेण्यास हें चरित्र फार उपयोगी आहे.

त्या काळीं या देशाला गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा, असें नांव असून तेथें इंग्रजांचें राज्य होतें. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत न्क्रोफुल नांवाचें एक खेडें आहे. तेथें एका सोनाराच्या कुटुंबांत या मुलाचा जन्म झाला. त्याच्या आईचें नांव न्यानिबा. जन्मतिथि लिहून ठेवण्याची चाल गांवांत नव्हती. परंतु मुलगा शनिवारीं जन्मला एवढें आईच्या पक्कें ध्यानांत होतें. तिकडील आकान लोकांत मुलाचें नांव वारावरून ठेवितात, आणि शनिवारीं जन्मलेल्या मुलाला क्वामे म्हणतात. पुढें बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरूंनीं अंदाजानें २१ सप्टेंबर १९०९ ही तारीख वहींत लिहिली, आणि तीच सर्वत्र रूढ झाली. बाप्तिस्म्यांत त्याला फ्रान्सिस हें नांव मिळालें.

बाप हाफ असिनी या गांवीं कामाला असे. तेथील मिशन शाळेंत क्वामेला घालण्यांत आलें. सर्व इयत्ता एकाच खोलींत बसत आणि त्यांना शिकविणारा शिक्षकहि एकच. प्रारंभीं मुलगा शाळेला इतका कंटाळे कीं, आईला त्याला ओढीत न्यावें लागे. पण थोड्याच दिवसांत त्याला विद्येची गोडी लागली. फी थोडी होती, तरी तीहि घरांतून निघणें कठीण. म्हणून तो कोंबड्या पाळून विकी आणि आलेला पैसा शाळेच्या खर्चाला लावी. फादर जॉर्ज फिशर नांवाच्या जर्मन धर्मगुरूंचें लक्ष या मुलाकडे गेलें, आणि त्यांनीं त्याच्या शिक्षणाचा बराचसा भार आपल्या शिरावर घेतला. गरीब आईबापांच्या दृष्टीनें हा उपकार लहान नव्हता. पुढें देशाचे मुख्य प्रधान झाल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रांत एन्क्रुमा यांनीं या फादरांची आठवण कृतज्ञतेनें नमूद केली आहे.

शाळा संपल्यावर एक वर्ष त्यानें त्याच शाळेंत उमेदवार शिक्षक म्हणून काम केलें. १९२६ सालीं तो आक्रा शहरांतील सरकारी अध्यापक विद्यालयांत गेला. तें विद्यालय लवकरच अचिमोटा येथील नव्या महाविद्यालयांत सामील झालें. तेथें डॉ. अॅग्रे नांवाचे एक आफ्रिकी विद्वान उपप्राचार्यांचे साहाय्यक होते. पियानोच्या काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांचा दाखला देऊन, दोहोंच्या मेळावांचून पूर्ण संगीत निघत नाहीं, असें ते सांगत. १९२७ सालीं ते निधन पावले. पण काळ्या कातडीचा मनुष्य केवढा थोर होऊं शकतो, हें या तरुणानें त्यांच्या रूपानें प्रत्यक्ष पाहिलें. १९३० सालीं शिक्षकाची पदविका घेऊन क्वामेनें एल्मिना व अॅक्सिम येथील कॅथॉलिक शाळांत, आणि त्यानंतर अमिसानो येथील धर्मशिक्षणसंस्थेंत अध्यापन केलें.

अधिक विद्या मिळविण्याच्या इच्छेनें १९३५ सालीं तो अमेरिकेस गेला. प्रवासाचा पैसा नातलगांकडून मिळाला होता. तो संपल्यावर पुढें अंगमेहनतीवांचून गति नव्हती. पेन्सिल्व्हेनियांतील लिंकन विश्वविद्यालय हें निग्रो विद्यार्थ्यांसाठीं स्थापन झालेलें होतें. तेथें शिकत असतां सुटीच्या दिवसांत त्यानें हार्लेममध्यें रस्त्यावर मासळी विकली, साबणाच्या कारखान्यांत घाण उपसली, आणि जहाजांवर भांडीं घासलीं. १९३९ सालीं तो पदवीधर झाला. नंतर ईश्वरविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांतहि त्यानें पदव्या मिळविल्या. १९४५ सालीं ते इंग्लंडांत आले आणि त्याच वर्षीं मँचेस्टर येथें भरलेल्या पांचव्या अखिल आफ्रिकी परिषदेच्या कामांत त्यांनीं पुढाकार घेतला.

इकडे गोल्ड कोस्टमध्यें सुशिक्षित पुढाऱ्यांनीं एक राजकीय संस्था काढिली होती, आणि तिला एक हुशार चिटणीस पाहिजे होता. एन्क्रुमांचे अमेरिकेंतील सहाध्यायी अको अजेइ यांनीं त्यांचें नांव सुचविलें, डॉ. डांक्वा या प्रसिद्ध वकिलांसारखे नेते संस्थेंत होतेच. बारा वर्षांनीं, डिसेंबर १९४७ मध्यें, एन्क्रुमा मायदेशीं परतले. परंतु त्यांची गति या सावध मंडळींना झेपली नाहीं. १२ जून १९४९ रोजीं त्यांनीं आपला स्वतंत्र पक्ष स्थापन केला, आणि जानेवारी १९५० मध्यें महात्मा गांधींच्या मार्गाचा कित्ता गिरवून अहिंसक असहकाराची चळवळ सुरू केली. सरकारनें त्यांना तुरुंगांत टाकिलें. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकींत ते तुरुंगांतूनच उभे राहिले, आणि आक्रा शहराच्या २३,१२२ मतांपैकीं २२,७८० मतें त्यांना पडलीं. गव्हर्नरानें त्यांना सोडून दिलें, इतकेंच नव्हे, तर सरकार बनविण्यास बोलाविलें. १९५२ सालीं ते मुख्य प्रधान झाले. त्याच वर्षापासून प्राथमिक शाळांतील फी माफ झाली. ज्यानें कोंबड्या विकून फी भरली, त्याच्या हातून हें कार्य व्हावें हें योग्यच होय.

६ मार्च १९५७ च्या मध्यरात्रीं आक्रा येथील जुन्या पोलोच्या मैदानावर स्वातंत्र्याची घोषणा झाली. आफ्रिकेच्या एका प्राचीन साम्राज्याच्या नांवावरून देशाला घाना हें नांव देण्यांत आलें. सहाराच्या दक्षिणेस आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांच्या हातीं सत्ता आलेल्या देशांत घाना अगदीं आघाडीचा होता, आणि साऱ्या खंडाचे डोळे त्याच्याकडे लागले.

आतां स्वातंत्र्य मिळालें, पण पुढें काय? घानाची सारी मिळकत एका कोकोच्या पिकावर अवलंबून होती. त्या वेळीं जगांत सर्वांत अधिक कोको घानांत पिके, आणि त्याच्या विक्रींतून सांठलेली सुमारें २० कोटि पौंडांची गंगाजळी लंडनमध्यें होती. परंतु कोकोचा भाव घानाच्या हातीं नव्हता. परदेशच्या बाजारांत भाव पडला कीं, येथील शेतकऱ्याच्या ताटांतली भाकरी कमी होई. म्हणून देशांत कारखाने निघावेत, आणि त्यांच्यासाठीं वीज असावी, अशी एन्क्रुमांची दृढ श्रद्धा होती. घानांत बॉक्साइट विपुल आहे. त्यापासून अॅल्युमिनियम करावयास फार मोठ्या प्रमाणावर वीज लागते, आणि व्होल्टा नदी ती वीज देऊं शकत होती. ही कल्पना नवी नव्हती. अल्बर्ट किटसन या भूगर्भशास्त्रज्ञानें १९१५ सालींच धरणाची जागा हेरून ठेविली होती. पण चाळीस वर्षें ती कल्पना कागदावरच राहिली.

एवढें मोठें काम एकट्या घानाच्या पैशानें होणें शक्य नव्हतें. प्रथम इंग्रज सरकारनें एक चौकशी मंडळ नेमलें, आणि १९५६ सालीं त्याचा अहवाल निघाला. पण खर्चाचे आंकडे पाहून इंग्लंडचें सरकार व अॅल्युमिनियमच्या कंपन्या मागें सरल्या. तेव्हां १९५८ सालीं एन्क्रुमा अमेरिकेस जाऊन अध्यक्ष आयझेनहॉवर यांना भेटले. तेथील कैसर कंपनीच्या इंजिनियरांनीं योजना पुन्हां तपासून धरणाची जागा अकोसोंबो येथें धरिली, आणि त्यायोगें खर्च कमी झाला. मार्च १९६१ मध्यें एन्क्रुमा नवे अध्यक्ष केनेडी यांनाहि भेटले. परंतु त्यानंतर त्यांनीं रशिया व चीन या देशांचा दौरा केला, त्यामुळें अमेरिकेंत कुजबूज सुरू झाली कीं, हा मनुष्य आपल्या पक्षाचा नाहीं, याला पैसा कशाला द्यावा?

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. एक सरकार दुसऱ्या सरकारला मदत करतें तेव्हां दयाबुद्धीबरोबर हिशेबहि असतो. इजिप्तमधील आस्वान धरणाला १९५६ सालीं अमेरिकेनें मदत नाकारली, तेव्हां तें काम रशियाच्या मदतीकडे गेलें. तसेंच घानांतहि होईल, ही भीति केनेडींना होती. पुष्कळ घोळ घातल्यावर डिसेंबर १९६१ मध्यें त्यांनीं होकार दिला. २२ जानेवारी १९६२ रोजीं करारांवर सह्या झाल्या. एकंदर ७ कोटि पौंडांपैकीं निम्मा भाग, म्हणजे ३ कोटि ५० लक्ष पौंड, घानानें स्वतः घातला. उरलेला पैसा अमेरिका, इंग्लंड व जागतिक बँक यांच्या कर्जांतून उभा राहिला. जागतिक बँकेचें कर्ज ४ कोटि ७० लक्ष डॉलरांचें होतें. मदत म्हटली तरी ती बहुतेक व्याजासह फेडावयाची होती.

कोणत्याहि एका गटाला न बांधून घेतां दोहोंकडून मदत घ्यावी, हें एन्क्रुमांचें धोरण होतें. आपल्या पंडित नेहरूंचें धोरणहि असेंच होतें. भिलाईचा पोलादाचा कारखाना रशियाच्या, रुरकेल्याचा जर्मनीच्या, आणि दुर्गापूरचा इंग्लंडच्या साहाय्यानें त्याच काळांत उभा राहिला. १९६१ सालीं बेलग्रेड येथें भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेंत दोघेहि नेते होते. १९५९ सालीं स्थापन झालेल्या घानाच्या वायुदलाला घडविण्यांत भारतीय अधिकाऱ्यांचा हात होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

घानानें केवळ घेतलेंच असें नाहीं. १९५८ सालीं गिनी देशानें फ्रान्सच्या छत्राखालीं राहण्याचें नाकारलें, तेव्हां चिडलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनीं एकाएकीं मदत थांबविली, आणि जातांना कागदपत्रें व सामानसुमानहि नेलें. तो नवा देश उघड्यावर पडला. त्या वेळीं स्वतःच्या स्वातंत्र्याला दोन वर्षें पुरीं झालीं नसतां घानानें गिनीला १ कोटि पौंडांचें कर्ज जाहीर केलें. पुष्कळांनीं त्यांत एन्क्रुमांचा बडेजाव पाहिला. या गोष्टीचा शेवट पुढें येणार आहे.

धरणाचें काम एका इटालियन मंडळीनें हातीं घेऊन ठरल्या मुदतींत पुरें केलें. पाणी चढूं लागलें तसतशीं नदीकांठचीं शेंकडों खेडीं बुडालीं, आणि सुमारें ८०,००० माणसांना घरें सोडावीं लागलीं. सरकारनें त्यांच्यासाठीं ५२ नवीं गांवें वसविलीं. प्रत्येक कुटुंबाला एक पुरी खोली बांधून दिली, आणि बाकीचें घर त्यानें आपल्या हातानें वाढवावें अशी जागा सोडिली. पण पूर्वजांची जमीन, देवस्थानें आणि नदीची मासळी सरकारला परत देतां येणार नव्हती. पुष्कळ लोक तेथें रमले नाहींत व निघून गेले. सरोवराच्या कांठीं पाण्यांतून होणारे रोगहि वाढले. आपल्याकडे कोयनेच्या पाण्याखालीं ज्यांचीं घरें गेलीं, त्यांना हें दुःख समजावून सांगावयास नको.

दुसरी अडचण कराराच्या अटींत होती. धरणाची वीज घेण्यास मोठें गिऱ्हाइक पाहिजे होतें, नाहींतर कर्ज फिटलें नसतें. तें गिऱ्हाइक म्हणजे टेमा बंदरांतील अमेरिकन कंपन्यांचा अॅल्युमिनियमचा कारखाना. गिऱ्हाइक एकच असल्यामुळें त्याचें म्हणणें चाललें. वीज फार स्वस्त दरानें दीर्घ मुदतीसाठीं ठरली, करांत सवलती मिळाल्या, आणि घानाच्या भूमींत बॉक्साइट असूनहि कच्चा माल बाहेरून आणण्याची मोकळीक राहिली. ज्या बॉक्साइटसाठीं एवढा खटाटोप, तें डोंगरांतच पडून राहिलें. एन्क्रुमांना हें दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु या अटींवर धरण, नाहींतर धरणच नाहीं, असा तो प्रसंग होता. पुढें १९८५ सालीं घानाच्या सरकारनें तो करार पुन्हां करून विजेचा दर वाढवून घेतला.

बाहेरच्या सावकारापुढें असा प्रसंग येतो तेव्हां राज्यकर्त्याला स्वतःच्या लोकांचा आधार पाहिजे. दुर्दैवानें एन्क्रुमांनीं नेमका तोच गमाविला. १९५८ सालीं त्यांनीं विनाचौकशी कैदेंत ठेवण्याचा कायदा केला. इंग्रजांच्या तुरुंगांतून जो लोकांच्या मतांनीं बाहेर आला, त्यानेंच विरोधकांनीं तुरुंग भरले. १९६२ सालीं त्यांच्या जिवावर हल्ला झाला. त्यानंतर ज्या अको अजेइंनीं त्यांचें नांव सुचविलें होतें, तेहि अटकेंत पडले. डॉ. डांक्वा ४ फेब्रुवारी १९६५ रोजीं तुरुंगांतच मरण पावले. १९६४ सालीं देशांत एकच पक्ष कायदेशीर राहिला. चूक दाखविणारा कोणी उरला नाहीं तेव्हां चुका वाढत गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं उधारीवर यंत्रें व कारखाने गळ्यांत बांधले; लंडनमधील गंगाजळी आटली; कर्ज वाढलें; आणि १९६५ सालीं कोकोचा भाव फार खालीं आला. दुकानांतून रोजच्या वापराच्या वस्तूहि मिळेनाशा झाल्या. त्याच वर्षीं श्रीमंत राष्ट्रें मदतीच्या रूपानें नव्या देशांवर कशी सत्ता चालवितात, याविषयीं एन्क्रुमांनीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेच्या सरकारनें त्याबद्दल कडक निषेध कळविला.

२२ जानेवारी १९६६ रोजीं मोठ्या समारंभानें एन्क्रुमांनीं धरणाचें उद्घाटन केलें. लहानपणीं ज्यांच्या गांवीं सूर्यास्तानंतर काळोख होई, त्यांच्या हातून देशांत वीज आली. परंतु जेमतेम एक महिना लोटला. व्हिएतनामच्या युद्धांत सलोखा करण्याच्या हेतूनें ते हानोईस निघाले असतां, २४ फेब्रुवारी रोजीं ते पेकिंग येथें होते. त्याच दिवशीं घानाच्या सैन्यानें व पोलिसांनीं सत्ता हातीं घेतली. आक्रा शहरांत लोक रस्त्यांवर नाचले आणि त्यांचा पुतळा पाडण्यांत आला. ज्यांच्यासाठीं वीज आणिली, त्यांनींच त्यांना काळोखांत सोडिलें.

आतां जावें कोठें? तेव्हां गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनीं त्यांना बोलाविलें. उघड्यावर पडलेल्या आपल्या देशाला आठ वर्षांपूर्वीं ज्यानें हात दिला, त्याला गिनीनें घर दिलें; इतकेंच नव्हे, तर आपल्या बरोबरीचा अध्यक्ष म्हणून गौरविलें. व्होल्टा धरणाच्या कर्जाचे हप्ते घानाला वर्षानुवर्षें मोजावे लागले. गिनीला दिलेल्या आधाराचा मोबदला मात्र असा न मागतां, मनुष्य सर्वस्वीं निराधार झाल्यावर, परत आला. कोनाक्री येथें समुद्रकांठच्या घरांत एन्क्रुमांनीं वाचन व लेखन यांत सहा वर्षें काढिलीं. मायदेश पाहण्याची इच्छा सफल झाली नाहीं. कर्करोगावर उपचार चालू असतां २७ एप्रिल १९७२ रोजीं रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथें त्यांनीं देह ठेविला. जुलै महिन्यांत त्यांचें शव न्क्रोफुल येथें आणून पुरण्यांत आलें. त्यांना शाळेंत ओढीत नेणारी वृद्ध आई त्या वेळीं हयात होती. १९९२ सालीं, ज्या मैदानावर स्वातंत्र्याची घोषणा झाली तेथेंच स्मारक बांधून, त्यांच्या अस्थि सन्मानानें ठेवण्यांत आल्या.

अकोसोंबोचें धरण अद्याप उभें आहे, आणि घानाच्या घरांत व शाळांत त्याची वीज जळते. टोगो व बेनिन या देशांनाहि ती पोंचली. त्यामुळें एन्क्रुमांचें जीवित व्यर्थ गेलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं. तसेंच तें निर्दोष होतें असेंहि म्हणतां येणार नाहीं. डांक्वांचा तुरुंगांतील मृत्यु आणि बुडालेलीं खेडीं हीं विसरून हें चरित्र सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कित्येकांची फी दुसऱ्या कोणीतरी भरलेली आहे. कित्येकांना पुस्तकें व वसतिगृह दुसऱ्यांच्या देणगींतून मिळालें आहे. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. फादर फिशरांनीं हात दिला नसता तर न्क्रोफुलचा क्वामे जगाला कळला नसता. मात्र मदत घेतांना तिच्या अटी उघड्या डोळ्यांनीं वाचाव्या. आपल्यापेक्षां गरीब कोणी दारांत आला तर, आपलेंच पुरें होत नाहीं ही सबब सांगूं नये. आणि थोर पदाला चढल्यावर, ज्यांनीं खांदा दिला त्यांच्यासाठीं दार बंद करूं नये. यांपैकीं दुसरी गोष्ट एन्क्रुमांना साधली व तिनें त्यांना शेवटीं आसरा दिला; तिसरी साधली नाहीं, आणि तेथेंच त्यांचा पाय घसरला.